बोळ कुणाचा, वाट कुणाची

रोजाचे नियम कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह बकरामध्ये, १८३ ते १८७ या आयतींत आले आहेत. रोजा कुणी ठेवायचा, आजाऱ्याने आणि प्रवाशाने काय करायचं, पहाटे खाणं कधी थांबवायचं, हे सगळं तिथे आहे. रमजानात या आयती वाचल्या जातात, त्यांवर बयान होतं. बयान बहुतेक वेळा १८७ व्या आयतीपाशी थांबतं. त्याला लागूनच असलेल्या १८८ व्या आयतीचा विषय उपास हा नाही. एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाऊ नका, आणि वाटा दुसऱ्याचा आहे हे ठाऊक असताना तो पदरात पाडून घेण्यासाठी प्रकरण हाकिमांपुढे नेऊ नका, असं ती बजावते. दिवसभर स्वतःच्या कमाईची भाकरी न खाणाऱ्याने संध्याकाळी शेजाऱ्याची दोन फूट जागा खाल्ली, तर त्या रोजाचं काय झालं, हा प्रश्न या दोन आयती लागून वाचल्या की आपोआप पडतो.

दोन फूट जागा ही इथे उपमा नाही. शहरात, गल्लीत, प्लॉटिंगच्या वसाहतींत आज सगळ्यांत जास्त शेजार कशाने तुटत असतील तर दोन घरांमधल्या बोळाने आणि त्यात उभ्या राहणाऱ्या गाडीने. शेतात जे बांधाचं झालं, तेच गावात बोळाचं झालं आहे.

अशा बोळाचा जन्म साधारण एकाच पद्धतीने होतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी एका मालकाचा लांबट प्लॉट असतो. लग्नकार्य निघतं, पैशांची गरज पडते, तो मागचा अर्धा भाग विकतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना ‘पूर्वेस जाण्या-येण्याचा बोळ’ एवढंच लिहिलं जातं. बोळ किती फुटांचा, जमीन कुणाच्या नावावर राहणार, त्यातून नुसतं पायी जायचं की वाहनही न्यायचं, फाटक कुणी लावायचं, यातलं काही लिहिलं जात नाही. लिहिणाऱ्याला गरजही वाटत नाही, कारण तेव्हा दोन्ही घरांत मिळून एक लूना असते आणि ती ओट्यावर चढवून ठेवता येते.

मग मुलं मिळवती होतात. मागच्या घरातला मुलगा कर्ज काढून गाडी घेतो, पेढे आणतो, पहिला पेढा पुढच्या घरी जातो. दोन महिन्यांनी पुढच्या घरचा जावई दिवाळीला स्वतःची गाडी घेऊन येतो. दहा फुटांच्या बोळात साधारण साडेपाच फूट रुंदीची गाडी उभी राहिली की उरतात साडेचार फूट, आणि गाडीचं दार उघडलं की तेही उरत नाहीत.

सुरुवात गोडीनेच होते. ‘काका, जरा गाडी काढता का? अब्बांना दवाखान्यात न्यायचंय.’ ‘काढतो ना बेटा, थांब, चावी आत आहे.’ सहा महिन्यांनी कुणी कुणाला हाक मारत नाही, नुसता हॉर्न वाजतो. वर्षभराने बोळाच्या तोंडाशी एक मोठा दगड येतो आणि त्यावर चुन्याने ‘नो पार्किंग’ लिहिलेलं असतं. दगडानंतर पाण्याचा ड्रम, ड्रमनंतर लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. ज्या दोन घरांत विरजणाची वाटी आणि शीरखुर्म्याचा वाडगा ये-जा करायचा, तिथे आता वकिलाच्या नोटिसा ये-जा करतात. गॅसचं सिलिंडर देणारा पोरगा फाटकाबाहेरच टाकी ठेवून निघून जातो आणि सत्तरीची बाई ती आत कशी न्यावी म्हणून बघत उभी राहते.

या भांडणात दोन्ही बाजू एकच वाक्य बोलतात, ‘बोळ आमचा आहे.’ तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न कोंबलेले असतात. जमीन कुणाच्या मालकीची, हा एक. तिच्यावरून जाण्या-येण्याचा हक्क कुणाला, हा दुसरा. आणि तिथे गाडी उभी करून ठेवण्याचा हक्क कुणाला, हा तिसरा. पुढच्याला वाटतं, जमीन माझ्या नावावर आहे म्हणजे मी कुलूप लावू शकतो. मागच्याला वाटतं, मला वाट आहे म्हणजे मी रात्रभर गाडी तिथे ठेवू शकतो. दोघांचंही चुकलेलं असू शकतं, आणि पुष्कळदा असतं. जमीन पुढच्याची असूनही तो वाट अडवू शकत नाही आणि वाट मागच्याची असूनही त्याला तिथे गाडी लावून दुसऱ्याची वाट बंद करता येत नाही, असाच निष्कर्ष कित्येक ठिकाणी निघेल. म्हणजे कागद नीट वाचले तर दोन्ही घरांच्या हाती येते ती फक्त वाट. पार्किंग कुणाच्याच हाती येत नाही. ते एकमेकांच्या मर्जीनेच मिळवावं लागतं. तेव्हा खरं भांडण आहे ते मर्जीचं, आणि ते लढलं जातं मालकीच्या नावाने.

कायदा या बाबतीत जुना आणि पुरेसा स्पष्ट आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा. दुसऱ्याच्या जमिनीवरून वाटेचा हक्क मुख्यतः तीन रीतींनी येतो. दस्तात तो लिहून दिलेला असतो, किंवा एकाच मालकाची जागा विभागताना मागच्या तुकड्याला दुसरी वाटच राहिली नाही म्हणून गरजेपोटी येतो, किंवा वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि अखंड वापरल्यामुळे येतो. यातला गरजेचा हक्क दुसरी वाट झाली की संपतो. वीस वर्षांच्या वहिवाटीवर ज्याचा भर आहे त्याने वाट अडवली गेल्यावर स्वस्थ बसून चालत नाही, कारण दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत ती वीस वर्षं येऊन संपलेली असावी लागतात. याच कायद्यात एक वाक्य असं आहे की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क धरला जात नाही. पायवाटेचा हक्क म्हणजे मोटारीचा हक्क नव्हे. आजोबा पखाल घेऊन इथून जात, एवढ्या पुराव्यावर नातवाची गाडी आत येईलच असं नाही. हे मागच्या घराने वाचावं. वाट रुजलेली असेल तर जमीनमालकालाही तिथे दगड मांडता येत नाही, हे पुढच्या घराने वाचावं.

याच कायद्यातली आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक असती तर निम्मी भांडणं झालीच नसती. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्याचा वहिवाटीचा हक्क होत नाही. आज अनेक चांगली माणसं शेजाऱ्याला ‘लावा हो गाडी, आमची जागा रिकामीच आहे’ असं म्हणायला घाबरतात. कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की आज लावू दिलीत तर उद्या कब्जा होईल. भीती अगदीच निराधार नसते. पण तिच्यावरचा उपाय दगड हा नाही, एक साधा कागद हा आहे. ‘अमुक यांना आमच्या जागेत गाडी उभी करण्यास आमच्या परवानगीने मुभा आहे, हा हक्क नव्हे’ एवढ्या दोन ओळींवर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की देणाऱ्याची जागा शाबूत राहते आणि घेणाऱ्याला सोय मिळते. शेजाऱ्याकडून लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असं समजायची आपल्याकडे पद्धत आहे. कुरआनातली सगळ्यांत लांब आयत, याच सूरह बकरातली २८२ वी, उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी लिहायला कंटाळू नका, हेच सांगण्यात खर्ची पडली आहे. ज्या धर्मग्रंथाला लिहून ठेवणं अविश्वासाचं लक्षण वाटलं नाही, त्याच्या अनुयायांना तसं वाटायचं कारण नाही. बाकीच्यांनाही नाही.

घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो दोन ओळींत संपतो. तो रस्ता नगरपालिकेचा. घरासमोर आहे म्हणून तिथे खुर्ची, कुंडी, टायर ठेवून जागा राखून ठेवता येत नाही, आणि रस्ता सरकारी आहे म्हणून कुणाच्या फाटकासमोर आडवी गाडीही लावता येत नाही. फ्लॅटमधल्यांचा मामला आणखी निराळा. तळमजल्यावरच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डरला स्वतंत्र फ्लॅटसारखं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात २०१० साली सांगितलं आहे. तिथे वाटप सोसायटीने करायचं असतं.

पुन्हा बोळाकडे येऊ. उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. फारसीतून आलेला शब्द आहे, अर्थ एकाच सावलीतला. मराठीत ‘शेजारधर्म’ असा शब्द आहे, म्हणजे शेजाराला थेट धर्माचाच दर्जा. गंमत अशी की भांडण कोर्टात गेलं की कागदांवर जे शब्द येतात, हक्क, हद्द, कब्जा, वारस, अर्ज, वकील, तारीख, ते अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांना कुणी आज परके म्हणून ओळखतही नाही. शब्दांना जमलं ते माणसांना का जड जातं, असं एखाद्याने विचारलं तर ते अगदीच भाबडं नाही.

वाटेच्या तंट्यांबद्दल इस्लामी न्यायशास्त्रात बारीक विचार झाला आहे. वाटेच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात धरावी, असा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचा निर्णय बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे वाट झाली साडेदहा फूट, लादलेला उंट सहज जाईल इतकी. दुसऱ्या एका हदीसनुसार, शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळईचं टोक टेकवायचं असेल तर नाही म्हणू नये. शेजाऱ्याचा अग्रहक्क सांगणाऱ्या हदीसमध्येही ‘दोघांची वाट एकच असेल तर’ अशी अट आहे, म्हणजे घर विकायचं झालं तर ज्याच्याबरोबर वाट वाटून घेतली त्याला आधी विचारायचं. उस्मानी साम्राज्यात एकोणिसाव्या शतकात हनफी कायद्याची जी संहिता तयार झाली, त्या ‘मजल्ला’त खासगी बोळ हा त्यातून जाणाऱ्या सगळ्यांच्या सामायिक मिळकतीसारखा धरला आहे. एकट्याने त्यात काही नवं करायचं नाही, इतरांची संमती घ्यायची. यातलं काहीही भारतातल्या दिवाणी कोर्टात चालणार नाही, आणि चालायला हवं असंही नाही. तिथे १८८२ चा कायदा सगळ्यांना सारखा आहे. पण कोर्ट जिथे पोचत नाही अशी एक जागा रोजा ठेवणाऱ्याच्या मनात असते. या गोष्टी तिथल्या आहेत.

कोर्टात जिंकणं आणि हक्क असणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे पैगंबरांनी स्वतःच्या निवाड्याबद्दलच सांगून ठेवलं आहे. उम्मे सलमा यांनी सांगितलेला प्रसंग अबू दाऊदच्या संग्रहात आहे. दोन माणसं वारशाच्या जुन्या मालमत्तेवरून भांडत आली. पुरावा एकाकडेही नव्हता, होते ते नुसते दावे. पैगंबर म्हणाले ते अशा आशयाचं होतं, की मीही माणूसच आहे, तुमच्यातला एखादा बोलण्यात जास्त चतुर असेल आणि मी त्याच्या बाजूने निकाल देईन, पण तो निकाल त्याच्या भावाच्या हक्कातला असेल तर त्याने घेऊ नये, कारण मी त्याला आगीचा तुकडाच तोडून देत असेन. ते ऐकून दोघे रडू लागले आणि माझा हक्क तू घे, तू घे, असं एकमेकांना म्हणू लागले. प्रसंग इथेच संपता तर ती नुसती भावुक गोष्ट झाली असती. पैगंबरांनी त्या दोघांना रडत घरी जाऊ दिलं नाही. जा, वाटणी करा, नीट विचाराने करा, चिठ्ठ्या टाका, आणि मग चुकलंमाकलं एकमेकांना माफ करा, असं त्यांनी सांगितलं. आधी वाटणी, मग माफी. आपल्याकडे मध्यस्थ उलटं करतात. दोघांना मिठी मारायला लावतात, चहा पाजतात, फोटो काढतात आणि बोळ किती फुटांचा हे तसंच राहतं. पुढच्या सणाला पुन्हा हॉर्न वाजतो.

म्हणून मोजणी आधी. नगर भूमापन झालेल्या गावात दोन्ही घरांच्या मिळकत पत्रिका काढाव्यात, दोन्ही खरेदीखतांच्या चतुःसीमा शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात, नगरपालिकेतून मंजूर रेखांकनाचा नकाशा मिळतो का पाहावा. मग भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज. मोजणीची नोटीस लगतच्या धारकाला जातेच, आणि ती नोटीस हातात पडली की शेजारी आणखी चवताळतो, कारण त्याला ती चढाई वाटते. दोन्ही घरांनी मिळून आधीच ठरवून अर्ज केला, फी निम्मी-निम्मी भरली, तर तीच मोजणी चढाई राहत नाही. मोजणी करणारा खुणा दाखवेल त्या दिवशी दोन्ही घरांतली मोठी माणसं जागेवर हजर हवीत, पोरं नकोत. मोजणीनंतर मिळणाऱ्या ‘क’ प्रतीच्या नकाशाच्या दोन झेरॉक्स काढून दोन्ही घरांत ठेवल्या म्हणजे पुढची पिढी तरी ‘आमचे अब्बा सांगायचे’, ‘आमचे नाना म्हणायचे’ यावर भांडणार नाही.

मोजणीने हद्दीचा प्रश्न सुटतो. गाडीचा सुटत नाही. तो बसून, बारीकसारीक बोलूनच सोडवावा लागतो. गाडी कोणत्या भिंतीला लागून उभी राहील? रात्री कुणाची आत, कुणाची बाहेर? सकाळी सातला ड्यूटीवर जाणाऱ्याची गाडी मागे अडकली तर चावी कुणाकडे? पाहुणे आले तर? फाटक ठेवायचं असेल तर दोन किल्ल्या, एक एका घरात, एक दुसऱ्या घरात. घरात आजारी माणूस असेल तर ॲम्ब्युलन्सला किती जागा लागेल, ती कायम मोकळी. गाडी धुतल्याचं पाणी कुणाच्या दारात जातं, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक आहे, पण शिव्यांची सुरुवात बहुधा तिथूनच होते. दोन गाड्या मावतच नसतील तर महिनाआड पाळी लावता येते, किंवा एकाने जवळच्या रिकाम्या प्लॉटवर भाड्याने जागा घ्यावी आणि भाडं दोघांनी भरावं. आधी कुणाची पाळी, यावर एकमत होत नसेल तर चिठ्ठी आहेच. वाटेचा कायमचा हक्क द्यायचा-घ्यायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे दस्ताची नोंदणी करावी, साध्या कागदावर भागवू नये.

प्रकरण आधीच कोर्टात गेलं असेल तरी दार बंद झालेलं नसतं. प्रलंबित दाव्यात लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचंच बळ असतं, तिच्यावर अपील होत नाही आणि कोर्ट फी परत मिळते. दावा लावण्याआधीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. ही समिती कोर्टाच्या आवारातच असते, पण कोर्टाची पायरी चढून वर्षं झालेल्या पक्षकारांनाही कित्येकदा ती ठाऊक नसते. पोलीस ठाण्यात जाण्याने मात्र बोळाचा निकाल लागत नाही. पोलीस मालकी ठरवू शकत नाहीत. ते फार तर दोन्ही बाजूंवर शांतता राखण्यासाठी प्रतिबंधक कारवाई करतील, लोक जिला चॅप्टर केस म्हणतात ती. पूर्वी ते कलम १०७ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. त्यानंतर दोन्ही घरांतले कर्ते पुरुष तहसील कचेरीच्या व्हरांड्यात तारखेला समोरासमोरच्या बाकांवर बसतात. घरी एकच भिंत मध्ये आहे, तिथेही तेवढंच अंतर.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय नुसता दोन घरांचा राहत नाही, तिच्याबद्दल. पुढचं घर जोशींचं आणि मागचं शेखांचं असेल, किंवा पुढचं शेखांचं आणि मागचं जोशींचं, तर भांडणाच्या तिसऱ्या दिवशी बोळाला धर्म चिकटतो. ज्याला ना बोळाची लांबी माहीत ना रुंदी, असा माणूस व्हॉट्सॲपवर ‘ह्या लोकांचं असंच असतं’ असं लिहून मोकळा होतो. निवडणूक जवळ असेल तर दोन्ही बाजूंना हितचिंतकांचा तोटा नसतो. त्यांना दहा फूट जागेशी काही कर्तव्य नसतं आणि तंटा मिटला तर त्यांचं नुकसानच असतं. खरं तर जोशी-जोशींचा आणि शेख-शेखांचा बोळही याच कारणाने पेटतो, आणि सख्ख्या भावाभावांचा सगळ्यांत जास्त पेटतो. म्हणून दोन्ही घरांनी पहिला करार जागेचा नव्हे, तोंडाचा करावा. हे प्रकरण गल्लीबाहेर न्यायचं नाही, फोनवर फिरवायचं नाही, आणि मध्यस्थ म्हणून दोन्ही घरांना मान्य असतील असे दोनच जण बसवायचे. रिटायर मास्तर, गल्लीतले डॉक्टर, दोन्ही घरांत ज्यांचं येणं-जाणं आहे अशी एखादी जाणती बाई. बाईचं नाव अशा यादीत शेवटी येतं, पण बोळातून दिवसाला वीस वेळा जाते ती तीच.

कुरआनात सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत जवळच्या शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याचाही हक्क सांगितला आहे. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरं कापलं तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे दिलं का, दिलं का, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारल्याची नोंद आहे. शेजाऱ्याचा धर्म वेगळा म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

आणि पान रमजानचं आहे, तेव्हा एक हिशेब रोजा ठेवणाऱ्यांनीच मांडायला हवा. रात्री इशानंतर तरावीहची नमाज होते. वीस रकात, त्यात कुरआनचं पठण, तास-सव्वा तास सहज जातो. तेवढा वेळ मशिदीच्या आजूबाजूच्या घरांच्या फाटकांसमोर मोटारसायकली आडव्यातिडव्या उभ्या असतात. हँडल लॉक केलेल्या, आणि मालक सजद्यात. त्या वेळेत एखाद्या घरात कुणाच्या छातीत दुखलं, कुणा बाईला कळा सुरू झाल्या, तर गाडी काढायची कशी? लग्नाच्या वराती आणि मंडपही रस्ते अडवतात, हे खरं आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर नव्हे. रस्त्यातला काटा बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग, असं मदरशातल्या मुलांना तोंडपाठ असतं. त्याच मुलांचे बाप रस्त्यात शंभर किलोचा काटा उभा करून आत सफेत धरतात. नमाज, रोजा आणि दानधर्म पुष्कळ करणारी, पण शेजाऱ्यांना जिभेने त्रास देणारी एक बाई होती. तिच्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा ती नरकात जाईल, असं पैगंबर म्हणाले. तिथे नुसत्या जिभेची गोष्ट होती. ज्या मशिदींच्या विश्वस्तांनी जवळच्या शाळेचं मैदान रात्रीपुरतं मागून घेतलं, दोन तरुण शिट्ट्या देऊन बाहेर उभे केले आणि आजूबाजूच्या प्रत्येक फाटकापुढे पट्टा मारून घेतला, तिथे हा प्रश्न आठवडाभरात संपतो. फार खर्चाचं काम नाही. बाहेर उभ्या राहणाऱ्या दोघांची जमात चुकते, त्यांनी ती मागाहून आपसात करावी.

सगळ्यांना नेहमी नमतंच घ्यायला सांगणं हा मात्र ढोंगीपणा आहे. तंटा मिटवण्याचं पुण्य नफिल रोजे, नमाज आणि दानापेक्षा मोठं, अशी हदीस आहे. तिचा आधार घेऊन कित्येकदा गरीब बाजूला गप्प बसवलं जातं. एका घरात एकटी विधवा आणि दुसऱ्यात चार तगडे भाऊ, असा सामना असेल तर ‘जाऊ द्या भाभी, शेजारी आहेत’ हा सल्ला सलोख्याचा नाही, लुबाडणुकीचा आहे. तिने मोजणी मागवावी, कोर्टात मनाई हुकूम मागावा, आणि ते करताना आपण शेजार मोडतो आहोत असं मनात आणू नये. शेजार ज्याने फाटकाला कुलूप लावलं त्याने मोडला. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचं जोखड पडेल, ही हदीस सगळ्यांना ठाऊक असते. ती सांगणारे सईद बिन जैद यांच्यावरच मदीनेत एका बाईने जमीन बळकावल्याची फिर्याद गव्हर्नर मरवानकडे केली होती. ही हदीस स्वतः ऐकलेला मी तिची जमीन कशी घेईन, असं ते म्हणाले आणि वादाची जागा त्यांनी सोडून दिली. पण सोडून देणं त्यांना परवडणारं होतं, आणि तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. कुणी चार जणांनी बसवून तो त्यांच्याकडून वदवून घेतला नव्हता.

ज्याच्याकडे जास्त आहे त्याने आधी पाऊल उचलावं, हे मात्र म्हणता येईल. बोळ ज्याच्या नावावर आहे त्याने कुलूप काढावं, दोन गाड्या ज्याच्या आहेत त्याने एक बाहेर लावावी. रमजानात यासाठी चांगली वेळ आहे ती इफ्तारच्या आधीची पंधरा मिनिटं. भजी तळून झालेली असतात, फळं चिरलेली असतात, माणूस थकलेला असतो आणि आवाज आपोआप खाली आलेला असतो. एक ताट झाकून शेजारी न्यायचंच असतं. ते देताना ‘काका, ईदनंतर मोजणीचा अर्ज मिळून करूया का?’ एवढं विचारायला वेगळी बैठक लागत नाही. ताट परत येईल तेव्हा रिकामं येणार नाही, गुळाचा खडा तरी त्यात असेल. आपल्या घरांत रिकामं भांडं परत द्यायची रीत नाही.

मोजणीची तारीख लागायला वेळ लागतो. ईद त्याआधी येईल. ईदच्या दिवशी मागच्या घरी पाच-सहा गाड्यांतून पाहुणे येणार, हे पुढच्या घराला आजच माहीत आहे. त्या कुठे लावायच्या, हे विचारायला चाँदरात उजाडायची वाट पाहण्याचं कारण नाही.